पिकअप हरवलेली गाडी आणि जे. सी. रोड

बंगळूरला आलेला मराठी पाहुणा लालबाग पाहतो, विधानसौधासमोर फोटो काढतो आणि म्हैसूरची वाट धरतो. टाउन हॉलकडून मिनर्व्हा सर्कलकडे जाणारा जयचामराजेंद्र रस्ता, म्हणजेच जे. सी. रोड, त्याच्या यादीत नसतो. पण ज्याच्या दारात जुनी मारुती ८०० किंवा पद्मिनी उभी आहे, त्याने इथे एक सकाळ जरूर काढावी. रवींद्र कलाक्षेत्र मागे पडले की मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने लागतात. सीटकव्हर, हॉर्न, दिव्याच्या काचा, गॅस्केट, काय हवे ते मागा! कानडी येत नसले तरी मोडक्या हिंदीवर भागते.

जुन्या छोट्या गाड्यांची एक तक्रार ठरलेली असते. सिग्नल हिरवा होतो, पाय दाबावा, तर गाडी क्षणभर दम खाते आणि मग गचका देऊन उडी घेते. एरवी हे हसण्यावारी नेता येईल. पण मागून बस अंगावर येत असताना चौक ओलांडायचा असेल आणि मागच्या सीटवर मुले असतील, तर तो एक क्षण फार मोठा ठरतो.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. सुरुवातीच्या गाड्यांना कार्ब्युरेटर असे. पाय एकदम दाबला की हवा झपाट्याने आत शिरते, पेट्रोल मात्र मागे राहते. ही उणीव भरून काढायला कार्ब्युरेटरमध्ये एक छोटा पंप असतो. तो पिचकारीसारखी पेट्रोलची धार सोडतो. त्याचा रबरी पडदा कडक झाला किंवा फाटला की धार आटते. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवेलच असे नाही.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद करून गार होऊ द्यावे, एअर फिल्टर काढावा आणि थ्रॉटल हाताने ओढून आत पाहावे. धार ठसठशीत दिसली तर पंपाला दोष देऊ नये. आसपास विडी-सिगारेट मात्र अजिबात नको!

पंप ठीक निघाला तर गाडी नेमकी कधी अडखळते ते आठवावे. पहिल्या दाबालाच अडखळत नसेल, पण चढावर बराच वेळ जोर लावल्यावर मरगळत असेल, तर तुंबलेला पेट्रोल फिल्टर किंवा पेट्रोल पंप पाहावा. सगळ्याच वेगांत मिसिंग होत असेल तर प्लग, पॉइंट आणि वायरी. फक्त सकाळी गार असताना होत असेल तर चोक. ‘फुस्स’ असा आवाज येत असेल तर व्हॅक्यूमची नळी तडकली आहे का, तेही बघावे; ती अगदी स्वस्तात मिळते. हे काही न पाहता थेट नवा कार्ब्युरेटर घ्यायला सांगणारे भेटतातच. त्यांना नमस्कार करून पुढे जावे.

बंगळूरचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर असल्याने इथली हवा मुंबईपेक्षा जवळपास ९ टक्के विरळ आहे. मुंबईत नीट जुळवलेला कार्ब्युरेटर इथे हवेच्या मानाने पेट्रोल थोडे जास्तच सोडतो. त्यामुळे मूळचा दोष नसलेली गाडीही किंचित सुस्तावते आणि प्लग काळे पडतात. इथे राहायलाच आलेल्यांनी ट्यूनिंग इथल्या हवेतच करून घ्यावे.

इंजिन गार होईपर्यंत करायचे काय, हा प्रश्न या भागात पडत नाही. १९२४ मध्ये सुरू झालेले मावळी टिफिन रूम्स लालबाग रोडवर जवळच आहे. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेनासा झाला तेव्हा रवा इडली आपल्याच स्वयंपाकघरात जन्मली, असे तिथले लोक सांगतात. रांग मोठी असते. तेवढ्यात इंजिन गार होतेच.