'रोझॅना'च्या ठेक्यामागची माणसं

चि. सई,


तू वाजवून पाठवलेलं टोटो बँडच्या 'रोझॅना'चं रेकॉर्डिंग ऐकलं. किक जागच्या जागी पडते, तिसऱ्या मात्रेवरचा स्नेअर खणखणीत आहे, हाय-हॅट कुठेही घसरत नाही. तरीही "मामा, हे डुलत का नाही?" असं तू विचारलंस आणि ते रास्त आहे. तुझे दबके ठोके पुरेसे दबके नाहीत, एवढंच फोनवर सांगून मोकळा झालो असतो. पण हा ठेका तीन जणांच्या हातांतून घडत आला आहे. प्रत्येकाने त्यात काय घातलं ते कळलं, की हाताला काय करायचं ते लवकर उमगतं. म्हणून हे पत्र.

आधी साधा शफल. एका मात्रेचे तीन सारखे भाग करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला सोडून द्यायचा. तबल्याच्या क्लासमध्ये तिस्र जात शिकलीस, तीच ही विभागणी. शिकागोच्या ब्लूजमध्ये १९५०च्या दशकात हा शफल जोरात होता. मडी वॉटर्स, लिटल वॉल्टर यांच्या साथीला बसणाऱ्या फ्रेड बिलोचं वादन ऐक. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर, आणि बाकी सगळं पुढे रेटणारं.

बर्नार्ड पर्डी या माणसाने त्यात दोन बदल केले. हा तुझ्या शेजारचाच. १९३९ साली मेरीलँडमधल्या एल्कटनला जन्मला, पंधरा भावंडांतला अकरावा. तुझ्या न्यूआर्कवरून जाणारी रेल्वे एल्कटनवरूनच पुढे बाल्टिमोरला जाते. लहानपणी डबेडुबे बडवत तो वाजवायला लागला. आपला शफल गाड्यांच्या आवाजाची नक्कल करता करता हाताला लागला, असं तो स्वतः सांगतो. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला गेला आणि स्टुडिओत बोलावून घ्यावा असा वादक झाला. अरिथा फ्रँकलिनच्या 'रॉक स्टेडी'वरचे ड्रम त्याचेच.

पहिला बदल असा, की स्नेअरचा मोठा ठोका दुसऱ्या-चौथ्यावरून काढून त्याने फक्त तिसऱ्या मात्रेवर ठेवला. लय तीच राहिली, पण ऐकणाऱ्याला ती निम्म्या चालीची, ऐसपैस वाटू लागली. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा. शफलमध्ये सोडून दिलेला मधला भाग त्याने डाव्या हाताने भरला. ठोका स्नेअरवरच, पण इतका हलका की गाण्याच्या गर्दीत तो वेगळा ऐकूच येऊ नये. काढून टाकला तर मात्र त्याची उणीव लगेच जाणवावी. याच त्या घोस्ट नोट्स, म्हणजे आपले दबके ठोके.

१९७७ साली स्टीली डॅनचा 'एजा' हा अल्बम आला. त्यातलं 'होम ॲट लास्ट' लावून बस. स्टीली डॅनचे डॉनल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर हे दोघे भलतेच चोखंदळ. एकेका गाण्यासाठी वादक बदलून बदलून घ्यायचे. या गाण्याला त्यांना शिकागोचा किंवा मोटाउनचा ठरीव शफल नको होता. पर्डीने आपला शफल पुढे केला आणि तोच ठेवला गेला. 'एजा'वर केलेल्या माहितीपटात पर्डी हा किस्सा सांगतो आणि ड्रमवर बसून ठेका उलगडून दाखवतो. तो भाग जरूर बघ. त्याच्या डाव्या हातातली काठी कातड्यापासून किती कमी वर उठते, यावर नजर ठेव. १९८०च्या 'बॅबिलॉन सिस्टर्स'मध्ये तोच ठेका आणखी संथ, आणखी मोकळा ऐकू येतो.

मधल्या काळात, १९७९ साली, लेड झेपलिनचं 'फूल इन द रेन' आलं. त्यांच्या ड्रमरचा, जॉन बॉनमचा, हात दांडगा, त्याची किक भारी. त्यानेही तिसऱ्या मात्रेवरचा हा शफल घेतला, पण हाय-हॅट मध्येच क्षणभर उघडून मिटवला आणि ठेक्याला रॉकचं वजन दिलं. एवढ्या ताकदीच्या वादकालाही मधले ठोके हलकेच ठेवावे लागले, ही गोष्ट लक्षात घे. जोराची कमतरता त्याच्याकडे नव्हती. त्याने जोर कुठे वापरायचा ते निवडलं होतं.

मग जेफ पोरकारो. टोटोचा ड्रमर, वडील जो पोरकारो हेही ड्रमर. १९८२च्या 'टोटो ४'मध्ये 'रोझॅना' आहे. गाणं सुरू होतं तेच मुळी एकट्या ड्रमने. पर्डीचा डावा हात, बॉनमची धाटणी, आणि किकसाठी १९५०च्या दशकातल्या बो डिडलीचा तो प्रसिद्ध ठेका, असं तिघांचं मिळून त्याने दोन बारांचं एक आवर्तन बांधलं. तुझी किक अचूक आहे कारण तू ते आवर्तन पाठ केलंस. डाव्या हातामागे पर्डी आहे, तो अजून यायचा आहे.

आता कामाचं. सगळी मेख तिसऱ्या मात्रेत आहे. तिथे डाव्या हाताने कडक रिमशॉट मारायचा, आणि लगेच, मात्रेच्या पुढच्याच तुकड्यावर, त्याच हाताने दबका ठोका द्यायचा. मोठा ठोका मारल्यावर काठी उसळून वर जाते. वरून खाली येणारी काठी हलका ठोका देऊच शकत नाही. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकं हेच होतंय. रिमशॉटनंतरचा ठोका त्याच्याच निम्म्या जोराने वाजतो आणि ठेका तिथे अडखळतो.

उपाय मनगटात आहे. डाव्या हाताच्या चार हालचाली वेगळ्या करून बघ. पहिल्या मात्रेतला दबका ठोका: काठी बोटभर उंचीवरून पडते आणि खालीच राहते. दुसऱ्या मात्रेतला: ठोका तसाच हलका, पण देऊन झाल्यावर मनगट वर जातं, कारण आता मोठा ठोका यायचा आहे. तिसरी मात्रा: वरून जोरात खाली, आणि काठी कातड्याजवळ थोपवायची, उसळू द्यायची नाही. ती खाली थांबली, की पुढचा दबका ठोका आपोआप दबका येतो. चौथ्या मात्रेत पुन्हा पहिल्यासारखं. हे चार नुसते डाव्या हाताने पॅडवर घोट. शेजारी तक्रार करतात म्हणतेस, तर पॅड उत्तमच. दबक्या ठोक्यांना स्नेअर लागतच नाही. उजवा हात त्यानंतर आण. मात्रेवर हाय-हॅटच्या कडेला काठीची मान, तिसऱ्या तुकड्यावर वरच्या बाजूला नुसतं टोक. म्हणजे उजव्या हातातही मोठं-लहान येईल.

हाताआधी तोंडाने म्हण. आपल्याकडे बोल आधी जिभेवर बसतात, मग बोटांवर, आणि ही सवय ड्रमलाही चालते. मी असे बोल धरतो:

धा क त, ति क त, ता क त, ति क त.

'धा' म्हणजे किक आणि हाय-हॅट एकत्र, 'ता' म्हणजे रिमशॉट, 'ति' आणि 'त' म्हणजे नुसता हाय-हॅट, आणि प्रत्येक 'क' हा डाव्या हाताचा दबका ठोका. 'क' नुसत्या श्वासाने म्हण, कंठ लावू नकोस. तोंडातला 'क' मोठा असेल तर हातातलाही मोठाच येणार. मेट्रोनोम ५० ला लाव. मूळ गाणं साधारण ८६ ला आहे, तिथे पोचायची घाई नको. ठाय लयीत जो ठोका दबत नाही, तो जलद लयीत मुळीच दबणार नाही. आणि सराव ध्वनिमुद्रित करून आवाज कमी करून ऐक. नुसती किक आणि रिमशॉट ऐकू आले, मधले ठोके जवळजवळ विरून गेले, पण पाय हलायला लागला, तर समज जमलं.

शेवटचं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. ठेका बांधणाऱ्याचं नाव गाण्याच्या श्रेयात सहसा येत नाही. 'रोझॅना' डेव्हिड पेचने लिहिलं, ते त्याच्या नावावर आहे. गाण्याला १९८३ साली रेकॉर्ड ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. आपल्याकडे ठेका घरंदाज की नाही विचारतात. तिकडच्या रेकॉर्डच्या धंद्यात ठेक्याला मालकच नसतो. क्लाइड स्टबलफील्डचं बघ. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधला त्याचा ठेका १९६९ साली मुद्रित झाला. तो शफल नव्हे, सरळ सोळा तुकड्यांचा, पण घोस्ट नोट्सनी तसाच भरलेला. पुढे पब्लिक एनिमीपासून असंख्य हिप-हॉपवाल्यांनी तो उचलून वापरला. गीतकार म्हणून नाव नसल्यामुळे स्टबलफील्डला त्याची रॉयल्टी मिळाली नाही. २०१७ साली तो गेला.

पोरकारोने मात्र हातचं राखलं नाही. शिकवण्यासाठी केलेल्या व्हिडिओत त्याने हा ठेका फोडून दाखवला आणि पर्डी, बॉनम, बो डिडली या तिघांची नावं घेतली. आपले तबलिये एखादी जुनी गत वाजवण्याआधी ती कोणत्या उस्तादांची ते सांगतात, त्याच जातीचं हे काम. कायदा श्रेय देत नसेल तिथे ते वादकानेच द्यायचं असतं.

तेव्हा कॉलेजच्या कार्यक्रमात हे वाजवशील, तेव्हा आधी माईकवर दोन वाक्यं बोल: ठेका जेफ पोरकारोचा, त्यातला डावा हात एल्कटनच्या बर्नार्ड पर्डीचा. मग वाजव.

ताईला माझा नमस्कार सांग. तब्येतीला जप.

तुझा,
मामा