लेकीचा प्रबंध

गेल्या पोळ्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट. लेक भोपाळहून घरी आली ती दोन पिशव्या कागद घेऊनच. एका पिशवीत जुन्या वर्तमानपत्रांच्या झेरॉक्स, दुसरीत शंभर कोऱ्या प्रश्नावल्या. ती जनसंवाद विषयात पदवी करते आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांची पदवी आली आणि संशोधनासह ऑनर्स घेणाऱ्यांना शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो. आमच्या काळी प्रबंध म्हटले की पीएच.डी.! इथे ही पोर ओट्याजवळ लॅपटॉप उघडून म्हणते, "आई, मला नमुना निवडायचा आहे." मला आधी वाटले, ब्लाउजचा!

विषय तिने घरचाच घेतला होता: पांढुर्ण्याची गोटमार आणि वर्तमानपत्रे. आम्ही सौंसरला राहतो, पण माझे माहेर पांढुर्ण्याचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधे दगड. हे आपल्या वाचकांना मी काय सांगावे!

कात्रणे लावताना तिला पहिलीच अडचण आली. हिंदी पेपरात पोळा भाद्रपद अमावस्येला, नागपूरच्या मराठी पेपरात श्रावण अमावास्येला. "यातला एक पत्रकार नक्की चुकला," असे तिने ठरवूनही टाकले. माझी आई वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "कोणीच नाही चुकलं वो बाई. त्यांचा महिना पुनवेले सरते, आपला अवसेले." लेकीने ते निमूटपणे वहीत उतरवून घेतले.

मग प्रश्नावल्या वाटणे सुरू झाले. कॉलेजचे माध्यम हिंदी, म्हणून प्रश्नही हिंदीत. पहिला कागद तिने माझ्या भावाला दिला. त्याच्या डाव्या भुवईवर गोटमारीची खूण आहे आणि त्या डोळ्याने त्याला अंधूकच दिसते. प्रश्न होता, 'क्या समाचार पत्र गोटमार की सही तस्वीर दिखाते हैं?' त्याने 'हाँ' वर खूण केली आणि दोन मिनिटांत कागद परत दिला.

संध्याकाळी अंगणात बसल्यावर तिने सहज मराठीत विचारले, "मामा, तुम्हाला लागलं तेव्हा पेपरात तुमचं नाव आलं होतं का?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "नाव काहून येईन? इतके जखमी, असा आकडा आला. त्या आकड्यातला एक मी."

त्यानंतर तो पुष्कळ बोलला. आईलाही ठाऊक नव्हते असे काही. शेवटी म्हणाला, "हे मात्र लिवू नको." लेकीने पेन खाली ठेवले. ते काय होते, हे मीही इथे लिहीत नाही.

त्या रात्री ती झोपली नाही. तिच्या मते अख्ख्या प्रबंधाचा जीव त्या बोलण्यात होता. मी म्हटले, "नाव बदलून टाक." ती म्हणाली, "आई, गावात नाव बदलून माणूस लपतो का?" मला उत्तर देता आले नाही. संशोधनात ज्याची मुलाखत घ्यायची त्याची आधी परवानगी घ्यावी लागते, असे तिला वर्गात शिकवले होते. घरातल्या माणसाची परवानगी घेणे किती जड असते, ते तिला त्या रात्री कळले.

दुसऱ्या दिवशी तिने प्रश्न मराठीत लिहून काढले आणि कागद वाटण्याऐवजी घरोघरी बसून विचारू लागली. शंभरांऐवजी जेमतेम चाळीस माणसे झाली. पण हिंदी कागदावर ज्यांनी 'हाँ' केले होते, तीच माणसे आता अर्धा अर्धा तास बोलत होती. मार्गदर्शकांनी नमुना का घटला म्हणून विचारले. तिने हे सगळे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "हेच पद्धतीच्या प्रकरणात लिहा." मामांची मुलाखत मात्र तिने वगळली आणि वगळल्याची नोंद केली.

दिवाळीत भाऊ आपणहून म्हणाला, "आकड्याची गोष्ट लिव. नाव नको. बाकीचं राहू दे." तेवढेच तिने लिहिले. मीही हा लेख त्याला वाचून दाखवूनच पाठवला आहे.

घरात कुणी प्रबंध लिहीत असेल तर त्या मुलांना मोकळे बोला, आणि नको वाटेल ते 'नको' म्हणूनही सांगा. ऐकून घेणे आणि थांबणे, दोन्ही त्यांना शिकायचेच असते.

बांधलेली प्रत घेऊन लेक पांढुर्ण्याला गेली. प्रबंध हिंदीत, त्यामुळे त्यात 'पोला' लिहिलेले. आईने बोट ठेवून विचारले, "हे काय वो? पोला?" लेक हसली आणि पेनाने तिथे ळ करून दिला. भावाने आपले पान मागून घेतले, कागद उजव्या डोळ्याजवळ धरून दोनदा वाचले.

"बरोबर लिवलं," म्हणाला, आणि चहा मांडायला सांगितला.