बुर्त्झी आणि बुरूज

अथेन्सपासून मोटारीने सुमारे दोन तासांच्या अंतरावर, आर्गोलिक आखाताच्या काठी नाफ्प्लिओ हे लहानसे शहर वसलेले आहे. नव्या ग्रीक राज्याची राजधानी १८३४ पर्यंत येथे होती. पुढे ती अथेन्सला गेली. आता सुटीच्या दिवशी अथेन्सकरच येथे येतात. मी गेलो त्या रविवारी धक्क्यावर ग्रीक कुटुंबांची वर्दळ होती. वृद्ध मंडळी हातातील मण्यांची माळ खेळवत कॉफी घेत होती. मुले आइस्क्रीमसाठी हट्ट धरून बसली होती.

वर डोंगरावर व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १७११ ते १७१४ या काळात उभारलेला पालामिदी किल्ला आहे. खाली गल्लीत संत स्पिरिडॉनचे छोटे चर्च आहे. त्याच्याच दारात १८३१ मध्ये राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांची हत्या झाली. भिंतीवरील गोळीची खूण काचेआड जपलेली आहे.

बंदरासमोर पाण्यात एक चिमुकला किल्ला दिसतो. शेजारच्या गृहस्थांना मी त्याचे नाव विचारले. ‘बुर्त्झी,’ ते म्हणाले. मी चमकलो. हा तर आपला बुरूज! अरबी ‘बुर्ज’ फारसीमार्गे मराठीत आला, तसाच तुर्कीमार्गे ग्रीकमध्ये पोहोचला. त्या अरबी शब्दाचे मूळही ग्रीक ‘पिर्गोस’मध्ये असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

स्वातंत्र्यानंतर ग्रीक विद्वानांनी भाषेतून तुर्की शब्द वेचून काढण्याचा प्रयत्न केला. ‘काथारेवुसा’, म्हणजे शुद्ध केलेली भाषा, १९७६ पर्यंत शासनव्यवहारात टिकून होती. तरीही तुर्की सत्तेतून मुक्त झालेल्या राष्ट्राचा कारभार जेथून चालला, तेथील जलदुर्गाचे तुर्की नाव लोकांच्या तोंडी कायम राहिले.

तेथे उभा असताना मला एक जुनी उत्तरपत्रिका आठवली. अध्यापनाच्या आरंभीच्या वर्षांत भाषाशुद्धीचा मला फार अभिमान होता. एका विद्यार्थ्याने आपल्या गावच्या गढीवर निबंध लिहिला होता. त्यातील ‘बुरूज’, ‘दरवाजा’, ‘जमीन’ हे शब्द मी तांबड्या शाईने खोडले आणि गुणही कापले. ‘सर, मग आमच्या बुरुजाला काय म्हणायचं?’ असे त्याने विचारले. मी सुचवलेला संस्कृत शब्द त्याने मुकाट्याने वहीत उतरवून घेतला. त्याच्या गावात तो शब्द कोणालाही कळला नसता, हे मला तेव्हा सुचले नाही.

परतल्यावर पहिल्याच तासाला मी ‘बुरूज’ हा शब्द फळ्यावर लिहिला आणि ही हकीकत वर्गाला सांगितली. त्या विद्यार्थ्याला ती सांगणे मात्र राहून गेले.