कुकरची रिंग आणि मोटारीचं हेड

जुनी मोटार घरात असली की ती हळूहळू घरच्या माणसासारखीच वागू लागते. तिलाही ताप येतो आणि तो नेमका प्रवासात येतो. म्हैसूरच्या लोकांना याचा चांगलाच अनुभव आहे. सुट्टी लागली की इथल्या गाड्या उटीकडे धावतात. नंजनगूड, गुंडलुपेट मागे पडतं, बंदीपूरचं जंगल लागतं आणि मसिनगुडीनंतर कल्हट्टी घाटाची ३६ अवघड वळणं सुरू होतात. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना जुन्या इंजिनाची खरी परीक्षा होते.

त्यात गाडी वडिलांनी हौसेने घेतलेली डिझेल अॅम्बॅसडर असेल, तर प्रश्न आणखी नाजूक होतो. या गाडीचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी काही घरांत ती अजून जपलेली आहे. सून म्हणते, "विकून टाका एकदाची!" सासूबाईंना मात्र गाडीत गेलेल्या यजमानांची आठवण दिसते. दोघींच्या मध्ये सापडलेला मुलगा रेडिएटरमध्ये रोज तांब्याभर पाणी ओततो आणि वेळ मारून नेतो.

खरं तर तो रोजचा तांब्याच धोक्याची घंटा असते. बाहेर कुठे गळती नाही आणि तरी पाणी कमी होतं, तेव्हा ते इंजिनाच्या आत जात असण्याची शक्यता असते. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर ही त्याचीच लक्षणं. संशय जातो तो हेड गॅस्केटवर.

गृहिणीला हे समजायला कठीण नाही. कुकरच्या झाकणाखाली रिंग असते, तसं इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये हे पातळ गॅस्केट असतं. त्याला मात्र एकाच वेळी जळता वायू, पाणी आणि ऑइल अशी तिघांची वाट अडवायची असते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे विसाव्या हिश्शापर्यंत दाबून तापवली जाते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. म्हणून इथे गॅस्केटवरचा ताण पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्त असतो.

गॅस्केटची किंमत मजुरीच्या मानाने थोडी. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! हा मसाला वाचवावा, असा मोह इथेच होतो. हेड उतरवायचं, नवं गॅस्केट ठेवायचं, बोल्ट आवळायचे आणि संध्याकाळी गाडी घरी. पण तापलेलं हेड किंचित वाकलेलं असलं, तर नवं गॅस्केटही फार दिवस टिकत नाही. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून हेड तपासलं की बारीकसा वाकही कळतो. गरज असेल तर ते फेसिंगला द्यावं लागतं. मात्र जास्त घासलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं अंतर कमी होतं. काही डिझेल इंजिनांना तर वेगवेगळ्या जाडीची गॅस्केटं मिळतात. त्यांतलं योग्य ते मोजूनच निवडावं लागतं.

बोल्ट आवळण्याचंही शास्त्र आहे. मधून सुरुवात करून कडेकडे, टॉर्कच्या पान्याने, दोन-तीन टप्प्यांत. नंतर टॅपेट सेटिंग. शिवाय गाडी मुळात तापली का, हे शोधायला हवंच. चोंदलेला रेडिएटर, थकलेला पाण्याचा पंप, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा सैल फॅन बेल्ट तसाच राहिला, तर पुढच्या घाटात पुन्हा तेच दुखणं. बोअरचं जड पाणी ओतत राहिलं तर आत क्षार साचतात. त्याऐवजी कूलंट केव्हाही चांगलं.

चालवणाऱ्याची जबाबदारीही कमी नाही. काटा चढू लागला की सुरक्षित जागा मिळताच गाडी थांबवायची आणि इंजिन थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. बंदीपूरच्या जंगलात गाडीतून उतरायला मनाई आहे आणि २००९ पासून तिथला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. म्हणून तपासणी घर सोडण्यापूर्वीच झालेली बरी.

मग गाडी ठेवावी की विकावी? १५ वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी नूतनीकरण करताना तिची तपासणी होतेच. हेड उतरलं की सिलिंडरचं आतलं रूपही समोर दिसतं. ते ठीक असेल तर खर्च सार्थकी लागतो. सिलिंडर झिजलेले असतील, तर सुनेचं म्हणणं ऐकण्यात शहाणपण असतं. आठवणींना जागा जरूर द्यावी, पण घाटात सगळं घर ज्या गाडीच्या भरवशावर बसतं, तिचा निर्णय हेड उघडून, मोजून आणि पाहूनच व्हावा.