चावी काकांकडे आहे

एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या ऑफिसमधला सगळ्यात बिचारा दरवाजा कुठला? बॉसच्या केबिनचा नाही, त्याला मान असतो. पॅन्ट्रीचा तर नाहीच, तो सतत बिझी. मी म्हणतेय तो झेरॉक्स मशीनच्या मागे, जुन्या फायलींच्या खोक्यांशेजारी उभा असतो. डोक्यावर ‘एक्झिट’ लिहिलेली हिरवी पाटी आणि तिच्यावर धावणारा पांढरा माणूस. कुठल्या मीटिंग रूमचा एसी गारेगार, कुठली लिफ्ट मध्येच दगा देते, हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. पण हा दरवाजा शेवटचा कधी उघडला होता, असं विचारा. बहुतेक वेळा समोरून उलट प्रश्न येतो, ‘उघडतो का तो?’

माझी आणि या दरवाजाची ओळख एचआरमुळे झाली. आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर एक फायर वॉर्डन लागतो. ‘कोण होणार?’ असं विचारत एचआरची मुलगी फिरायला लागली, तसे सगळे एकदम आपापल्या स्क्रीनमध्ये बुडून गेले. अशा रीतीने नारंगी जॅकेट माझ्या गळ्यात पडलं. जॅकेटबरोबर एक चेकलिस्ट होती आणि तिच्यात एक ओळ होती : मागच्या जिन्याचं दार सहज उघडतं का?

मी गेले. दाराच्या दोन्ही झडपांच्या हँडलमधून साखळी घातलेली आणि साखळीला चांगलं मुठीएवढं पितळी कुलूप.

‘चावी?’ मी अॅडमिनच्या माणसाला विचारलं.

‘काकांकडे आहे,’ तो म्हणाला. इतक्या शांतपणे, की मलाच क्षणभर वाटलं, चला, म्हणजे सोय आहे.

काका म्हणजे आमचे सिक्युरिटीचे काका. ते बसतात तळमजल्यावर, गेटजवळ. आम्ही सातव्या मजल्यावर. दीड ते दोन काका डबा खायला जातात. संध्याकाळी सातनंतर ड्यूटी बदलते. म्हणजे आग लागलीच तर ती कामाच्या वेळेत, काकांचं जेवण सोडून लागायला हवी. मग काकांनी धुरातून सात मजले चढून यायचं, पंचवीस चाव्यांच्या जुडग्यातून नेमकी चावी शोधायची आणि दार उघडायचं. आणि कुलूप आहे आमच्या बाजूला. म्हणजे काकांना आधी आमच्यापर्यंत पोचावं लागणार!

कुलपामागे कारण होतं, नाही असं नाही. दोन वर्षांपूर्वी मागच्या जिन्याने एक लॅपटॉप गेला होता. शिवाय सिगरेट ओढणारी गँग तिथेच रमायची. अॅडमिनचं म्हणणं साधं होतं, ‘मॅडम, आग कधीतरी लागते. चोरी रोज होऊ शकते. उद्या काही गेलं, तर जबाबदार कोण?’

त्याच्या प्रश्नात दम होता, म्हणूनच मी वाचायला लागले. आणि कळलं, की हाच हिशेब जगात फार पूर्वीपासून चालत आलाय.

१६ जून १८८३. इंग्लंडमधल्या सुंदरलंड शहरातला व्हिक्टोरिया हॉल. मुलांसाठी खेळ होता. शेवटी खाली स्टेजवरून भेटवस्तू वाटायला लागले, तशी वरच्या गॅलरीतली मुलं जिन्यावरून खाली धावली. जिन्याच्या पायथ्याचं दार आतल्या बाजूला उघडणारं. आणि एका वेळी एकच मूल बाहेर पडावं इतकीच फट ठेवून त्याला बोल्ट मारलेला. पुढची मुलं अडली, मागची येतच राहिली. १८३ मुलं गेली. यात आग नाही, धूर नाही. फक्त एक दार आणि त्याचा बोल्ट.

यानंतर रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज नावाच्या इंग्रजाने १८९२ मध्ये ‘पॅनिक बोल्ट’चं पेटंट घेतलं. आतून धक्का दिला की सुटणारा बोल्ट. पण शोध लागला म्हणून तो प्रत्येक दारावर पोचतो, असं थोडंच आहे? ३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरोक्वा थिएटरमध्ये दुपारच्या खेळाला आग लागली. नाताळची सुट्टी, त्यामुळे बायका-मुलांची गर्दी. जाहिरातीत हे थिएटर पूर्णपणे ‘फायरप्रूफ’ होतं. कित्येक दारं पडद्यांआड लपलेली, आणि काहींना अशी वेगळीच खिटी होती की ती कशी फिरवायची हे माहीत असल्याशिवाय उघडणारच नाही. ६०२ जण मेले.

त्या खेळाला इंडियानापोलिसचा एक हार्डवेअरचा सेल्समन जाणार होता, कार्ल प्रिंझलर. ऐनवेळी काम निघालं म्हणून गेला नाही. ही गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. त्याने आपल्या आर्किटेक्ट शेजाऱ्याला, हेन्री ड्यूपाँटला गाठलं आणि व्हॉनेगट हार्डवेअर कंपनीच्या मदतीने १९०८ मध्ये दारावर आडवी दांडी असलेलं कुलूप बाजारात आणलं. तिघांच्या नावांचे तुकडे जोडून त्याचं नाव ठेवलं ‘व्हॉन ड्युप्रिन’. हा ब्रँड आजही आहे. (आणि हो, हे व्हॉनेगट म्हणजे लेखक कर्ट व्हॉनेगटच्याच घराण्यातले.)

मल्टिप्लेक्समध्ये ही दांडी तुम्ही पाहिली असेल. पिक्चर संपल्यावर ज्या दारातून आपल्याला थेट पार्किंगमध्ये सोडतात, त्या दारावर कमरेच्या उंचीला आडवी लोखंडी पट्टी असते ना, तीच. नाव ‘पॅनिक बार’. तिचा फंडा एकदम सोपा. पट्टी दाबली की आतली खिटी मागे सरकते आणि दार बाहेरच्या बाजूला उघडतं. हात वापरा, कोपर वापरा, कडेवर मूल असेल तर पाठीने रेटा. अंधारात दिसत नसलं तरी चालतं. अमेरिकन नियमांप्रमाणे ती खिटी १५ पौंडांच्या आत जोर लावला की सुटली पाहिजे. म्हणजे साधारण सात किलो. आपल्या ऑफिसातला वीस लिटरचा पाण्याचा जार असतो, त्याच्या एक तृतीयांश! मागून गर्दीचा रेटा आला तरी दार अडत नाही, उलट त्या रेट्यानेच उघडतं. आणि बाहेरून? बाहेरून गुळगुळीत पत्रा. चोराला धरायला हँडलसुद्धा नाही.

हे वाचलं तेव्हा माझी ट्यूब पेटली. आपण लहानपणापासून जी कुलपं बघतो, ती सगळी बाहेरच्या माणसाला घाबरून लावलेली असतात. कडी, कोयंडा, अडसर, सेफ्टी डोअर, खिडकीची ग्रिल. बाहेरचा आत येऊ नये, एवढाच विचार. एक्झिटच्या दाराचं कुलूप मात्र दोन तोंडांचं हवं. बाहेरच्यासाठी कडक आणि आतल्यासाठी नसल्यातच जमा. आतल्या माणसाला चावी लागता कामा नये, कार्ड लागता कामा नये, कुणाची परवानगी लागता कामा नये.

आपल्याकडे हे कुणाला माहीत नाही असंही नाही. ‘नॅशनल बिल्डिंग कोड’ स्वच्छ सांगतो, की एक्झिटचं दार बाहेरच्या बाजूला उघडावं आणि आतून चावीशिवाय उघडता यावं. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याखाली इमारतीचा मालक किंवा ती वापरणारा, यांच्यावर जबाबदारी आहे आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्स असलेल्या एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. कागद सगळे जागेवर असतात. कुलूप कागदावर दिसत नाही, एवढंच.

अॅडमिनच्या प्रश्नाचं उत्तर मला न्यूयॉर्कमध्ये सापडलं. २५ मार्च १९११ ला तिथल्या ट्रँगल शर्टवेस्ट फॅक्टरीला आग लागली. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं. कारण? मुली शिवलेला माल चोरून नेतील, म्हणून घरी जाताना सगळ्यांनी एकाच दाराने जायचं आणि पर्स उघडून दाखवायची. १४६ जण गेले, त्यातल्या बहुतेक तरुण मुली, म्हणजे आपल्यातल्या कित्येकींपेक्षा लहान. मालकांवर खटला झाला, पण दार बंद असल्याचं त्यांना त्या वेळी माहीत होतं हे सिद्ध होईना, म्हणून ते सुटले. खरी चीड पुढे येते. १९१३ मध्ये त्यांच्यातल्याच एकाला पुन्हा पकडलं, कामाच्या वेळेत कारखान्याचं दार कुलूप लावून ठेवलं म्हणून. दंड झाला वीस डॉलर.

इतकं लांब जायची तरी काय गरज? १३ जून १९९७, दिल्लीचं उपहार थिएटर, ‘बॉर्डर’चा शो. खाली ट्रान्सफॉर्मरला आग लागली, धूर वर चढला. बाल्कनीत ज्यादा खुर्च्या टाकून वाट अरुंद केलेली आणि मालकांच्या खास बॉक्ससाठी एका बाजूचा रस्ता बंद केलेला. ५९ माणसं गुदमरून गेली. आणि आपल्या मुंबईत, २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री, कमला मिल्समध्ये १४ जण. वाढदिवस साजरा करायला गेलेली, तुमच्या-माझ्या वयाची मुलं-मुली. धुरात वाट न सापडून बरेच जण स्वच्छतागृहात शिरले होते.

हे सगळं मी अॅडमिनला मेल केलं नाही. चहाला बोलावून सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण त्याची अडचण खरी होती. लॅपटॉप गेला तर त्याचं इन्क्रिमेंट जातं, माझं नाही. म्हणून मग आम्ही दोघांनी मिळून बाजार धुंडाळला.

पहिला पर्याय, मॅग्नेटिक लॉक. दाराच्या वर बसवलेलं हे विजेवर चालणारं चुंबक शेकडो किलोंच्या ओढीलाही दाद देत नाही. वीज गेली की सुटतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण बहुतेक ऑफिसांत ते बॅटरीवर टाकलेलं असतं, त्यामुळे लाइट गेली तरी ते आपलं धरूनच बसतं! फायर अलार्म वाजला की त्याची वीज आपोआप तुटली पाहिजे आणि शेजारी काच दाबून वीज तोडायची हिरवी पेटी हवी. या दोन गोष्टी नसतील, तर ते मॅग्नेटिक लॉक म्हणजे साखळीचंच पॉलिश केलेलं भावंडं.

दुसरा पर्याय अॅडमिनला जाम आवडला. अमेरिकेत काही ठिकाणी असं दार असतं, की पट्टी दाबली की भोंगा वाजतो आणि दार १५ सेकंदांनी उघडतं. तेवढ्यात सिक्युरिटी पोचते. पण अलार्म वाजला किंवा वीज गेली तर ते दार थांबत नाही, लगेच उघडतं. म्हणजे अलार्मची तार त्या कुलपाला जोडलेली हवी. आमच्या बिल्डिंगमध्ये ती जोडणी नव्हती. तारेशिवाय ते १५ सेकंद धुरात मोजायचे, ही कल्पना त्यालाही पटली नाही.

शेवटी ठरलं, साधा पॅनिक बार आणि त्याला बॅटरीवरचा भोंगा. दार कधीही, कुणालाही उघडेल. फक्त उघडलं की अख्ख्या मजल्याला कळेल. लॅपटॉप घेऊन पळणाऱ्याला आणि सिगरेटवाल्यांना, दोघांनाही हे पुरेसं आहे. खर्च? गेलेल्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी कमी. जिन्यातले तुटके कीबोर्ड, फाटक्या खुर्च्या आणि गेल्या दिवाळीचे कंदील भंगारवाल्याला दिले. वाट मोकळी झाली.

साखळी काढली त्या दिवशी काका वर आले होते. जुडग्यातून ती चावी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. मला वाटलं, अधिकार गेला म्हणून नाराज असतील. ते म्हणाले, ‘बरं झालं मॅडम. सगळे म्हणायचे, चावी काकांकडे आहे. पण आग लागली असती आणि माझे पाय खालीच अडकले असते तर? मलाही घरी दोन पोरी आहेत. आयुष्यभर लोकांनी मलाच विचारलं असतं.’

यावर मी काय बोलणार? बारा हजारांच्या आसपास पगार घेणाऱ्या माणसाच्या कमरेला आम्ही साठ जणांचे जीव बांधून ठेवले होते. आणि त्याला आम्ही ‘सोय’ म्हणत होतो.

तेव्हा एवढं करा. उद्या लंचनंतर पान खायला खाली जाल, तेव्हा मागच्या जिन्याने जा. दार ढकलून बघा. एका हाताने उघडतं का, बाहेरच्या बाजूला उघडतं का, पाहा. तसंच खालपर्यंत उतरा, कारण सातव्या मजल्याचं दार उघडं आणि तळमजल्याचं बंद, हाही प्रकार असतो. हॉटेलात, पबमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये गेलात की दुसरा रस्ता कुठे आहे तेवढं बघून ठेवा. घाबरलेला माणूस आलेल्या दारानेच परत जायला बघतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ‘द स्टेशन’ नाइट क्लबमध्ये १०० जण गेले, तेव्हा मुख्य दाराच्या वाटेवरच माणसांचा खच पडला होता.

आमच्याकडे अजून एक काम बाकी आहे. पुढचं काचेचं दार. बाहेर पडतानाही त्याला कार्ड लावावं लागतं, कारण हजेरी तिथेच लागते. अलार्म आणि ते दार यांची अजून ओळखच झालेली नाही. सोमवारी आयटीवाल्यांबरोबर मीटिंग ठेवलीय. नारंगी जॅकेट घालूनच जाणार आहे!