तोळाभर शिसं

पितळेचा वास हाताला लागला की लवकर जात नाही. देवघरातली समई घासल्यावर येतो तो वेगळा, चिंचेचा, आंबूस. आणि मुरबाडच्या आजोळी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलेल्या काडतुसांना यायचा तो वेगळा. थंड, तेलकट, जरासा तिखट. दिवाळी सरली, भात झोडून झालं, की मामा ती ट्रंक खाली उतरवायचा. ओटीवर सतरंजी, सतरंजीवर वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रावर एकेक करून उभी केलेली काडतुसं. उन्हं तिरपी होत जायची तशा त्यांच्या सावल्या उंबऱ्याकडे सरकायच्या, आणि आम्ही पोरं गुडघे पोटाशी घेऊन त्या सावल्यांच्या अलीकडे बसायचो, कारण पलीकडे हात न्यायचा नाही असा दंडक होता.

वास घ्यायला कोण अडवणार?

बारा बोरची काडतुसं कागदी अंगाची, बुडाशी तेवढी पितळेची वाटी. त्यांच्या तोंडावर आकडा छापलेला असायचा, आणि आकडा जितका मोठा तितके आतले छर्रे बारीक, हे उलटं गणित मला शाळेतल्या गणिताआधी कळलं. सहा नंबर तित्तिरासाठी, चार नंबर सशासाठी. एसजी लिहिलेलं काडतूस हलवलं तर आत वाटाण्याएवढे मोजके छर्रे जड आवाज करायचे. ते भेकरासाठी, तेही भेकरू तीसेक पावलांवर असेल तर. आणि या सगळ्यांपासून जरा दूर, मान उंच करून बसलेली ३१५ बोरची पितळी काडतुसं. इंग्रजांच्या अमलात फौजेची ३०३ रयतेला वर्ज्य होती, स्वराज्यातही वर्ज्यच राहिली. म्हणून परवाना काढणाऱ्या साध्या माणसाच्या वाट्याला ही ३१५ आली. आठ मिलिमीटरची, संथ, जड. बुडावर खडकीच्या कारखान्याचा ठसा. पुण्याजवळच्या त्या कारखान्यात १८६९ पासून काडतुसं बनताहेत.

मामा त्यातलं एक उचलायचा, उजेडाकडे धरायचा, अंगठ्यानं टोक चाचपायचा आणि परत ठेवायचा. मग दुसरं. बाजारात आंबा निवडणारा माणूसही इतका वेळ लावत नाही. मला तेव्हा वाटायचं, तो उगाच लांबण लावतोय; सगळी तर एकसारखीच आहेत. आता वाटतं, शिकारीतला खरा काळ तोच होता. जंगलात जे घडायचं ते निमिषात संपायचं. ओटीवर मात्र एका माणसाला त्या अजून न दिसलेल्या, कदाचित माळशेजच्या उतारावर कारवीत अंग चोरून उभ्या असलेल्या जनावराचा सावकाश विचार करायला सवड होती: त्याच्या खांद्याची रुंदी, कातड्याची जाडी, त्याला पडायला किती वेळ लागावा.

किती वेळ लागावा. बस, एवढाच प्रश्न.

कारण मामानं एक सांबर पाहिलं होतं. पाहुणा आला होता ठाण्याहून, हौशी, नव्या बुटांचा. हाक्यात नर निघाला, आणि पाहुण्यानं लांबूनच एसजीचा बार काढला. छर्रे फाकतात, दूरवर गेले की त्यांचं बळ वाटलं जातं, आणि अडीचशे किलोच्या सांबराला ते मारत नाहीत, नुसते आत शिरून बसतात. मामा रक्ताचा माग काढत गेला. आधी पानांवर ठिपके, मग दगडावर पुसल्यासारखी रेघ, मग काही नाही, मग ओढ्याच्या पलीकडे पुन्हा एक ठिपका, काळा पडलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सापडलं तेव्हा जिवंत होतं. पुढचं मामा सांगायचा नाही. एवढंच म्हणायचा, "सांबराला छर्रा मारणारा माणूस माझ्या बैठकीला नको."

आणि भेकराला ३१५? "अपमान आहे गं तो," मामा म्हणायचा. वीस-बावीस किलोचा तो जीव, त्याला एवढी गोळी म्हणजे मागे काही उरायचंच नाही.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, हे मला फार उशिरा कळलं. आणि कळलं तेव्हा डोंबिवलीत सराफाच्या दुकानात बांगड्या मोडायला ठेवल्या होत्या. कंपनी सरकारनं १८३३ साली तोळा पक्का केला तो १८० ग्रेनचा, आणि दोनच वर्षांनी आलेला चांदीचा रुपयाही तितक्याच वजनाचा. पंधरा ग्रेनचा एक मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे जगभरचे शिकारी हरणासाठी जी १८० ग्रेनची गोळी म्हणतात ती बरोबर एक तोळा शिसं, एक राणीछाप रुपया. मामाची ३१५ ची २४४ ग्रेनची, सोळा मासे आणि वर चिमूटभर. काट्याच्या पारड्यात माझं सोनं थरथरत होतं, आणि मला दिसत होतं ते वर्तमानपत्रावरचं पितळ.

पण मामा वजनापाशी थांबायचा नाही. त्याचा अंगठा टोकावर फिरायचा तो वेगळ्याच कारणानं. गोळीचा गाभा शिशाचा, वर तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ चिलखत. ते चिलखत टोकापर्यंत बंद असेल तर गोळी जनावरातून आरपार जाते, सुईनं शिवल्यासारखं भोक पाडते, आणि जनावर ते भोक घेऊन दोन डोंगर ओलांडतं. टोक उघडं असेल, मऊ शिसं करड्या नखासारखं बाहेर डोकावत असेल, तर आत शिरताच ती उमलते, आपलं सगळं बळ तिथेच टाकते, आणि जनावर उभ्या जागी बसतं. मामाच्या टेबलाच्या खणात अशी एक उमललेली गोळी होती. सांबराच्या पलीकडच्या बगलेत, कातड्याच्या आतल्या अंगाला अडकलेली, सोलताना हाताला लागलेली. तळाचा भाग अजून गोल, गुळगुळीत, त्यावर नळीतल्या पिळाचे तिरके ओरखडे; आणि वरची बाजू पावसाळी अळंब्यासारखी पसरलेली, कडा मागे वळलेल्या, तांब्याच्या पाकळ्या फाटून शिशाला बिलगलेल्या. पाकळ्यांच्या बेचक्यात एक केस होता. तपकिरी, राठ, टोकाशी फिकट.

तो केस मी कधी काढला नाही.

मऊ टोकाची ही युक्ती आपल्याच देशातली, कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातली. १८९० च्या दशकात सरहद्दीवर लढणाऱ्या गोऱ्या अंमलदारांची तक्रार होती, की नवी चिलखती गोळी माणसातून निघून जाते आणि माणूस धावतच राहतो. मग डमडमला टोक उघडं ठेवलेली गोळी निघाली. तिनं माणसाच्या देहाचं जे केलं ते युरोपाला ऐकवेना, आणि १८९९ साली हेगला जमलेल्या राष्ट्रांनी ठरवलं, देहात उमलणारी गोळी युद्धात वापरायची नाही. तेव्हापासून सैनिकाला टणक गोळी आणि हरणाला मऊ. माणसावर जी क्रूर, तीच हरणावर दयाळू. कारण माणूस नुसता जखमी झाला तरी युद्धाचं काम भागतं, आणि हरणाला उचलायला रुग्णवाहिका येणार नसते. मी हे उलटसुलट करून पुष्कळदा पाहिलं. दोन्हीकडून ते खरंच निघतं, आणि दोन्हीकडून मला त्याची भीती वाटते.

कल्याण सोडलं की कर्जतची गाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर ओलांडून अंबरनाथला येते. तिथे संरक्षण खात्याचा कारखाना आहे, पितळ-तांब्याचं काम करणारा. तोफेच्या आणि बंदुकीच्या पुंगळ्यांचं पितळ तिथे वितळतं, लाटलं जातं. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींचे वडील अशा कामावर. त्यांच्या डब्यांना, सदऱ्यांना मला तो ट्रंकेतला वास यायचा, आणि त्या म्हणायच्या, कसला वास, काही नाही. त्याच गावात वालधुनीच्या काठी शके ९८२ चं शिवालय आहे, आणि महाशिवरात्रीला तिथे इतकी गर्दी लोटते की नदीची दुर्गंधीही कुणाला आठवत नाही. रांगेत उभ्या बाया आपसांत शिवलीलामृतातल्या व्याधाची गोष्ट सांगतात. बेलाच्या झाडावर रात्रभर बसलेला तो पारधी, नेमाआड येणारी पानं खुडून खाली टाकणारा. खाली पिंडी आहे हे त्याला ठाऊक नाही. हरिणी येते, पोरांना भेटून येते म्हणते, तो सोडतो. दुसरी येते. तिलाही सोडतो. मग पहाटे ती सगळी, शब्द दिला म्हणून, परत येऊन उभी राहतात. मी ही गोष्ट आईकडून ऐकली तेव्हा मला मामाच दिसायचा त्या झाडावर. फक्त व्याधापुढे बाण कुठला घ्यावा हा प्रश्नच नव्हता. सोडावा की सोडू नये, एवढाच होता. मामाला तो दुसरा प्रश्न कधी पडला का, हे त्याला विचारायचं धाडस मला झालं नाही. मोठ्यांच्या ओटीवर मुलींनी असलं विचारायचं नसतं.

डोंबिवलीच्या गच्चीतून आता तारे फारसे दिसत नाहीत. एमआयडीसीचा उजेड आभाळाच्या पोटाला लागलेला असतो. तरी माघात जेवणं उरकून कपडे काढायला वर गेलं की मृग दिसतो. चार पाय, पोटात तिरपे घुसलेले तीन तारे, आणि खाली डावीकडे लखलखणारा व्याध. टिळकांनी १८९३ साली याच मृगावरून वेदांचा काळ काढला, पुस्तकाचं नावच ‘ओरायन’. मला त्यातलं गणित कळत नाही. मला एवढंच दिसतं की त्या हरणाला बाण लागून हजारो वर्षं झाली आणि ते अजून पडलेलं नाही. मामानं तर व्याधाला बैठकीवरून उठवलंच असतं.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचं दार लोटलं; १९९१ च्या दुरुस्तीनं कडी घातली. मामानं कडीची वाट पाहिली नाही. रायफल राहिली पीक-संरक्षणाच्या परवान्यावर, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकालानंतर पावती दाखवून परत यायची, आणि दर खेपेला तिच्या लाकडावर कुणाच्या तरी टेबलाचा नवा ओरखडा असायचा. कायदा झाला ते उत्तम झालं. मी हे कुरकुर न करता लिहिते. येऊरच्या वाटेवर संध्याकाळी भेकराची भुंक ऐकली, खाली घोडबंदर रस्त्याची घरघर आणि वर ती कोरडी, एकट्या गळ्यातली हाक, तेव्हा ती हाक थांबवणारं काही कुणाच्या हातात असू नये असंच वाटलं. पण हरणं मरायची थांबलेली नाहीत. ती तारेच्या फाशात मरतात, बत्तीच्या झोतात गावठी बंदुकीनं मरतात, रात्री जंगलातल्या रस्त्यावर ट्रकखाली मरतात. त्यांच्यासाठी दुपारभर कुणी ओटीवर बसत नाही. फासा लावणारा विचारत नाही, किती वेळ लागावा.

मामीचा या सगळ्याशी संबंध स्वयंपाकघरातून. आमचं घर सीकेपी, मटणाची जाण उपजत. कुठल्या काडतुसानं जनावर पडलं हे ती पातेल्यावरून सांगायची. गोळी नको तिथे लागली, की भोवतीचं मांस रक्तानं काळं पडतं, शिजवलं की कडवटतं. "आज घाई झाली वाटतं," ती विळीवरून मान वर न करता म्हणायची, आणि मामा मुकाट्यानं अंगणात जाऊन उभा राहायचा. त्याच्या नेमाची परीक्षा घेणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही.

मागच्या नोव्हेंबरात माझ्या भाच्याचा पेनसिल्व्हेनियातून फोन आला. ऑफिसातल्या मित्रांबरोबर तो हरणाच्या शिकारीला जाणार होता; तिथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलचा हंगाम उघडतो, माणसं भगव्या रंगाची जाकिटं घालून रानात शिरतात, आणि हे सगळं कायदेशीर असतं, कारण हरणंच फार झाली आहेत.

"मावशी, तुझे मामा करायचे ना शिकार? दीडशे ग्रेन घेऊ का एकशे ऐंशी?"

दहा मासे की तोळा. माझ्या तोंडून आधी काही निघेना. मग विचारलं, तुमचं हरीण केवढं? म्हणाला, मोठ्या नराचं शंभर किलोच्या आतच. म्हणजे चितळाएवढं. "दीडशे पुरे," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला ओटीवरचा वाटला. "टोक उमलणारं घे. आणि जवळ जा. जवळ जाता येत नसेल तर घरी ये."

तो हसला. म्हणाला, मित्र सांगतो शिशाची नकोच, सबंध तांब्याची घे. शिशाचे कण आतड्यांत राहतात, ती रानात टाकली की गरुड खातात आणि विषानं मरतात. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिसं बंदच आहे. गरुडाचा विचार मामानं केला नव्हता. त्याच्या ओटीवर हरीण होतं, मामी होती, पातेलं होतं. हरणानंतर येणारा, वरून उतरणारा चौथा कुणी नव्हता. सांगितलं असतं तर त्यानं सगळी काडतुसं पुन्हा एकदा उजेडाला धरली असती.

"मग तांब्याचीच घे," मी म्हटलं.

"घेतो. आणि मिळालंच तर करायचं कसं?"

त्याच्या मागून त्याची बायको इंग्रजीत काहीतरी म्हणाली. तिला हे सगळं पसंत नसावं. मी कागद घ्यायला सांगितलं. जखमेभोवतीचं वीतभर मांस आधी काढून टाक, कुणी काही म्हणो. हरणाला चरबी नसते, तेव्हा तेल सढळ हातानं. दह्यात रात्रभर. आलं-लसूण भरपूर, खोबरं भाजून, कांदा चांगला लाल होईपर्यंत. आणि मंद आचेवर, कुकरमध्ये अजिबात नाही.

"इन्स्टंट पॉटमध्ये?"

"नाही म्हटलं ना."