अडवायचं कधी?

हल्ली माझ्या शेजारी एक शिकाऊ मुलगी बसते. पडद्यावर आकाशातल्या एखाद्या सेक्टरमधल्या विमानांचा आकडा मर्यादेपुढे सरकला रे सरकला, की विचारते, "सर, रेग्युलेशन लावायचं?" मी म्हणतो, "थांब." किती थांबायचं, ते मात्र मला तिला सांगता येत नाही.

स्वॉनिकच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रात बसून आम्हाला गर्दी काही तास आधी दिसते, पण दिसतो तो अंदाज. रेग्युलेशन लावलं, म्हणजे विमानं उडण्याआधीच अडवली, की ब्रसेल्सहून उड्डाणाचे स्लॉट वाटले जातात आणि प्रत्येक स्लॉटला ५ मिनिटं आधी, १० मिनिटं नंतर अशी मुभा असते. कागदावर ओळीने येणारी विमानं मग सेक्टरच्या तोंडाशी घोळक्याने उगवतात. फार लवकर अडवलं आणि गर्दी जमलीच नाही, तर डब्लिन-आम्सटरडॅमला माणसं पट्टे बांधून उगीच ताटकळतात. उशीर केला, तर कंट्रोलरच्या नाकातोंडात पाणी. हीथ्रोला तर सैलपणाच नाही: धावपट्ट्या दोन, वर्षाला ४,८०,००० ये-जा एवढी मर्यादा. जरा बिनसलं की बॉव्हिंग्डन, लँबोर्न या थांब्यांवर विमानांच्या घिरट्या सुरू.

त्यात मुंबईहून नऊ-दहा तास उडून येणाऱ्या विमानाला आमचा स्लॉट लागूच नाही. भोगतात ती तासाभराची उड्डाणं. पंगत भरली की लांबच्या पाहुण्याला उठवत नाहीत, घरच्यांना थांबवतात, तसं.

काही कंपन्या रेग्युलेशन चुकवायला उड्डाणाच्या आराखड्यात खालची उंची लिहितात आणि उडाल्यावर गोड आवाजात वरची मागतात. याची चीड येते; ती उंची देऊन टाकणाऱ्या मनमिळाऊ कंट्रोलरची जास्त. उलट, २०१५ पासून हीथ्रोला उतरणाऱ्या विमानांमधलं अंतर मैलांऐवजी वेळेत राखतात, त्यामुळे समोरच्या जोरदार वाऱ्यात वाया जाणाऱ्या जागा वाचल्या. खरं हुशारीचं काम ते. आमच्याकडची तरुण मंडळी मात्र पडद्यावरच्या स्तंभालेखाचा रंग बदलला की बटणाकडे धावतात. खिडकीबाहेर वारा कुठला, हेही बघत नाहीत.

न लावलेल्या रेग्युलेशनची कुणी वाहवा करत नाही. म्हणून असा दिवस निभावला की कंट्रोलरांच्या घोळक्यातून मी मुद्दाम एक चक्कर मारतो, कुणीतरी "आज बरं गेलं" म्हणेल या आशेने. परवा कुणी म्हणालं नाही. मुलीने मात्र विचारलं, "सर, गरज पडणार नाही, हे कशावरून ओळखलंत?" मी वारा, फ्रान्सवरचे ढग, डब्लिनची उशिरा निघायची सवय, सगळं सांगितलं. ती भराभर लिहून घेत होती. त्यातलं निम्मं मला गर्दी ओसरल्यावर सुचलेलं होतं.